बिल्टीच्या मागची बाजू : हुंडेकरी ते थर्ड पार्टी

नागपूरहून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत मोठमोठी गोदामे उभी राहिली. त्यांच्या व्यवसायाला 'थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स' म्हणतात. अर्थ अवघड नाही. माल बनवणारा एक, माल घेणारा दुसरा, आणि या दोघांच्या मधले साठवणे, बांधणे, चढवणे, नेणे, उतरवणे, हिशेब ठेवणे हे सगळे करणारा तिसरा. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत या तिसऱ्याचा जन्म अमेरिकेत दाखवतात. १९८० साली तिथे मोटर कॅरियर अ‍ॅक्ट झाला, ट्रकवाहतुकीवरची सरकारी बंधने सैल झाली, आणि कारखानदारांनी आपापल्या गाड्या व गोदामे काढून टाकून ते काम बाहेर द्यायला सुरुवात केली. १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्द लोकांपुढे आणला. हा इतिहास खरा आहे, पण तो अमेरिकेचा आहे. मराठीत या तिसऱ्या माणसाला त्याच्या कितीतरी आधीपासून नाव होते. त्याला हुंडेकरी म्हणत.

हुंडा म्हणजे ठोक रक्कम. (लग्नातला हुंडाही त्याच घरचा शब्द. तिथेही माल एकीकडून दुसरीकडे पोचवण्याची ठोक बोली असते, पण तो विषय वेगळा.) व्यापारी हुंडेकऱ्याला एक रक्कम ठरवून देई. त्या रकमेत बैलांचे भाडे आले, वाटेतल्या नाक्यानाक्यांवरची जकात आली, घाटावरचा आणि नदीवरचा कर आला, रखवालदार आले. याला हुंडाभाडे म्हणत. मध्य भारतातील हुंडाभाड्याची ही पद्धत सर जॉन माल्कमने माळव्यावरच्या आपल्या १८२३ सालच्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. त्या काळी दर काही कोसांवर वेगळ्या जहागिरदाराची हद्द आणि वेगळा नाका. एकट्या व्यापाऱ्याने प्रत्येक ठिकाणी घासाघीस करण्यापेक्षा, रोज त्या वाटेने जाणाऱ्या आणि नाकेदारांशी बांधलेल्या माणसाकडे हे काम देणे स्वस्त पडे. आजच्या कंपन्या काम बाहेर का देतात याचे कारण विचारले, तर याहून निराळे उत्तर मिळत नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिंगणघाटच्या एका ट्रान्सपोर्ट कार्यालयात वीसेक वर्षे बिल्ट्या लिहिल्या. बिल्टीच्या पुढच्या बाजूला गाठींचा आकडा, वजन, भाडे, पाठवणारा व घेणारा यांची नावे असतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी असतात, आणि त्या कोणी वाचत नाही. काम कमी असलेल्या एका पावसाळ्यात मी त्या वाचल्या. 'माल मालकाच्या जोखमीवर' हे शब्द तिथे होते. मग प्रश्न पडला की वाटेत माल गेला तर तो कोणाचा गेला? वाहतुकीचा इतिहास लिहिणारे रस्ते, इंजिने, टनभार यांबद्दल लिहितात. मला वाटते तो या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास म्हणून लिहायला हवा. काम बाहेर देण्याचे रूप दर पिढीत बदलले, पण ते बदलताना जोखीम कोणाच्या अंगावर सरकली, हे पाहिल्याशिवाय त्यातले काही कळत नाही. आमच्या जिल्ह्यात हे पाहायला एकच वस्तू पुरते. कापूस.

आगगाडीच्या आधी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. त्याची मुख्य वाट पश्चिमेची नव्हती, याचे आज नवल वाटते. तो उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावेने बंगालकडे. वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस पाठवण्याचा पहिला मोठा उद्योग १८२५-२६ मध्ये पेस्तनजी-विकाजी या पारशी व्यापाऱ्यांनी केल्याचे वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटियरात येते. तोही बैलांवरूनच. ही वाहतूक बंजाऱ्यांच्या लदेणीवर चाले. तांड्याचा नाईक बोली करी आणि शेकडो, कधी हजारो बैल एकामागे एक निघत. जाताना धान्य किंवा कापूस, येताना मीठ. परतीची भरती मिळाल्याशिवाय भाडे परवडत नाही, हे आजच्या प्रत्येक ट्रकमालकाला ठाऊक असलेले गणित तांड्याने मिठावर सोडवले होते.

बंजारा मात्र हुंडेकऱ्यासारखा निव्वळ वाहक नव्हता. पुष्कळदा तो स्वतःच माल विकत घेई आणि पुढे विकी. १८०३ साली आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वऱ्हाडात अडगावला आणि मग गाविलगडावर लढला, तेव्हा त्याच्या फौजेचे धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होते. तांडे छावणीच्या बाजारात धान्य आणून विकत. फौजेला पुरवठा हवा होता, पण धान्याची मालकी आणि वाटेतली जोखीम तांड्याची होती. लुटले गेले तर ते नाईकाचे गेले. आजच्या भाषेत सांगायचे तर पुरवठादाराने साठा स्वतःच्या खात्यावर ठेवला आणि ग्राहकाने लागेल तेवढाच उचलला. मोटारींच्या कारखान्यांनी ही पद्धत विसाव्या शतकात नव्याने शोधली आणि तिचे फार कौतुक झाले.

ज्याला स्वतः जोखीम घ्यायची नसे त्याच्यासाठी सावकारी पेढ्यांकडे दुसरी सोय होती. तिचे नाव जोखमी हुंडी. माल पाठवणारा मालाच्या किमतीची हुंडी लिहून पेढीला विकी आणि पैसे लगेच घेई. माल सुखरूप पोचला तरच समोरच्याने हुंडी भरायची. माल बुडाला तर हुंडीही बुडाली, आणि नुकसान हुंडी घेणाऱ्याचे. एका कागदात कर्ज आणि विमा दोन्ही बसवले होते. हा कागद प्रामुख्याने समुद्रमार्गाच्या व्यापारात चाले. म्हणजे त्या काळी 'माल गेला तर कोणाचा' याला तीन उत्तरे होती, तिन्ही निघण्यापूर्वी ठरत, आणि तिन्हींची किंमत वेगवेगळी लागे.

१८६७ च्या फेब्रुवारीत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. वर्धा जिल्हा तेव्हा पाच वर्षांचा होता आणि वर्धा शहर एक वर्षाचे. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी ते आखून वसवले गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता, आणि मध्य प्रांतात हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस आयुक्त नेमला गेला. लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या जातीचे नाव म्हणून चाले, आणि त्या हिंगणघाटला रूळ हवे होते. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसाखाणीपर्यंत फाटा गेला आणि ते काम झाले.

इथे थोडे गणित करू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. शंभर किलो कापूस रेच्यातून काढला की साधारण चौतीस किलो रुई निघते. उरलेली जवळजवळ सगळी सरकी. म्हणजे शेतातला कापूस जसाच्या तसा मुंबईला पाठवला, तर भाड्याचे दोन हिस्से सरकीवर खर्च होतात. शिवाय कापूस हलका आणि फुगीर. वाघीण वजनाने भरण्याआधी आकाराने भरते. म्हणून सरकी इथेच काढायची आणि रुई इथेच दाबून गाठी बांधायच्या. वाफेचे प्रेस रुळांच्या कडेला आले ते यामुळे. आजची गाठ १७० किलोची असते आणि एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. जमशेटजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरात काढली (ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली), त्यामागेही हेच गणित होते. कापूस गिरणीकडे नेण्यापेक्षा गिरणी कापसाकडे आणावी.

रेल्वेने बंजाऱ्यांची लदेणी संपवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात या फिरत्या समाजाकडे संशयाने पाहिले गेले. कालपर्यंत ज्यांच्या भरवशावर फौजा पोसल्या, त्यांचे फिरणेच गुन्ह्याच्या कक्षेत आले. पण लांबची वाहतूक रेल्वेकडे गेली तरी शेत ते स्टेशन हा टप्पा बंडीकडेच राहिला. उलट बंड्या वाढल्या. गावोगावचे धुरकरी कापूस भरून बाजारात येत, अडत्या माल विकून देई, मापाडी तोले, हमाल उतरवी, आणि प्रत्येकाचा हिस्सा शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होई. व्यापाऱ्याचे बाहेर दिलेले काम आणि त्याचे पैसे भरणारा शेतकरी, हा उलटा हिशेब मला त्या काळच्या पट्ट्यांत पहिल्यांदा दिसला. कडत्याचे नाव तर आजही जुने शेतकरी दात खाऊन घेतात.

आणि जोखीम? १८६५ चा कॅरियर्स अ‍ॅक्ट वाहकावर कडक होता. माल हरवला तर वाहकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर नव्हती. हुंडेकऱ्याच्या बोलीचाच हा इंग्रजी अवतार म्हणा. पण रेल्वेसाठी १८९० च्या रेल्वे कायद्याने वेगळा न्याय लावला. रेल्वेची जबाबदारी केवळ सामान्य काळजी घेणाऱ्या ठेवीदारासारखी धरली, आणि त्याखाली आणखी एक पायरी ठेवली. कमी दराने पाठवायचे असेल तर 'मालकाच्या जोखमीवर' अशी चिठ्ठी सही करून द्यायची. गरजू व्यापारी कमी दरच घेणार. स्वतंत्र भारतात १९६१ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९६२ पासून, रेल्वेवर सामान्य वाहकाची पूर्ण जबाबदारी आली. मध्ये सत्तर वर्षे गेली होती.

आमच्या जिल्ह्यात याच काळातली एक गंमत आहे. पुलगाव ते आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची अरुंद रूळवाट १९१७ साली सुरू झाली. ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. ही इंग्लंडमध्ये नोंदलेली कंपनी, तिचे व्यवस्थापन किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीकडे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' हिचीच बहीण. कंपनीने रूळ टाकले, पण गाड्या चालवल्या नाहीत. चालवण्याचे काम करार करून जीआयपी रेल्वेला दिले. बाहेर काम देणे म्हणजे मोठ्याने छोट्याला देणे असे आपण धरून चालतो. इथे छोट्या मालकाने अवाढव्य रेल्वेलाच कंत्राटदार करून टाकले. स्वातंत्र्यानंतर जीआयपी भारतीय रेल्वेत विलीन झाली, तरी रुळांची मालकी खासगी कंपनीकडे राहिली आणि उत्पन्नाचा वाटा तिला द्यावा लागे. रूळ कोणी दुरुस्त करायचे, खर्च कोणी करायचा, या घोळात गाडी मंदावत गेली आणि शेवटी थांबली. करार चांगला असला तरी दुरुस्तीचे कलम ढिसाळ असले की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. परदेशी पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी मुलांना एकदा आर्वीला न्यावे.

इथेच वर्ध्यात या सगळ्याला मुळातून नकार देणारा विचारही जन्मला. १९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि जे. सी. कुमारप्पा तिथे कामाला लागले. कापूस जिथे पिकतो तिथेच कातावा, विणावा, वापरावा. वाहतूक स्वस्त कशी होईल यापेक्षा वाहतूक लागूच नये, ही त्यांची मांडणी. वाटच नाही तर वाटेतली जोखीम कुठली! लोक याकडे नीतीचा विचार म्हणून पाहतात; मी ते चोख हिशेबाचे लिखाण म्हणून वाचतो. देशाने मात्र तो हिशेब स्वीकारला नाही.

पुढचा टप्पा सरकारचा. १९७१ चा कायदा करून महाराष्ट्राने १९७२ च्या हंगामात एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. खरेदी, जिनिंग, प्रेसिंग, विक्री सगळे एका छत्राखाली. पुढे हे काम कापूस पणन महासंघाकडे आले. तरीही कारखाने बहुतांश दुसऱ्यांचेच होते. जिनिंग-प्रेसिंग ठरलेल्या दराने त्यांच्याकडून करून घेतले जाई. म्हणजे सरकारही बाहेरच काम देत होते. योजनेने शेतकऱ्याला हमी दिली हे खरे, आणि ती साधी गोष्ट नव्हती. पण खरेदी केंद्रापुढे बंड्यांच्या रांगा दोन-दोन, तीन-तीन दिवस लागत. बैल उपाशी, धुरकरी बंडीखाली झोपलेला, वर पांघरलेली ताडपत्री. पैसेही हप्त्यांनी येत. साठवणुकीची जोखीम गोदामातून उठून रस्त्यावर आली होती, आणि ती मोजणारा रकाना कोणत्याच नोंदवहीत नव्हता. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा वाव मिळाला. आज भारतीय कपास महामंडळ हमीभावाने खरेदी करते, तेही खासगी जिनिंग कारखाने भाड्याने घेऊन. त्याचा भाव ८ टक्के ओलाव्याला धरलेला असतो. ओलावा वाढेल तसा पैसा कापला जातो, आणि १२ टक्क्यांपुढे माल घेतच नाहीत.

दरम्यान रुईच्या गाठी रेल्वेकडून ट्रककडे गेल्या होत्या. कारण सोपे. ट्रक जिनिंगच्या दारात येतो आणि गिरणीच्या दारात थांबतो. हिंगणघाटची गाठ कोइमतूरला पाठवायची तर रेल्वेने चार वेळा उचल-ठेव, ट्रकने दोनदा. गाठीला जितके आकडे लागतील तितकी ती फाटते, हे हमालाला विचारा. (महाराष्ट्रात या हमालांसाठी १९६९ सालचा माथाडी कायदा आहे. बाहेर दिलेल्या कामातल्या सर्वांत खालच्या माणसाकडे कायद्याने इतक्या लवकर पाहिल्याचे उदाहरण विरळच.)

ट्रक ज्याच्या नावाच्या बिल्टीवर जातो, ट्रक त्याचा नसतो. बिल्टी ट्रान्सपोर्ट कंपनीची, गाडी ब्रोकरने लावून दिलेली, मालक एक-दोन गाड्यांचा धनी, आणि चालवणारा आणखी कोणी. हल्ली वरती आणखी एक मजला चढला आहे. मोठी कंपनी आपले सगळे काम थर्ड पार्टीला देते, आणि ती ट्रान्सपोर्टला. त्याच्याही वरती, अशा अनेक कंत्राटदारांवर देखरेख ठेवणाऱ्याला 'फोर्थ पार्टी' म्हणतात. अँडरसन कन्सल्टिंगने १९९६ साली रूढ केलेले हे नाव. त्याच्याकडे ट्रक नसतो, गोदाम नसते. नुसती माहिती असते. आमचा हुंडेकरीही बैल पाळायलाच हवेत असे मानत नसे. फरक एवढाच, की त्याने बोलीत जोखीम धरलेली असे.

कायद्याने हे ओळखले आहे. २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा (तो २०११ पासून लागू झाला आणि १८६५ चा कायदा गेला) बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट, ब्रोकर या सगळ्यांना वाहकच मानतो. स्वतःची गाडी नाही म्हणून हात झटकता येत नाहीत. ही मोठी सुधारणा आहे. पण त्याबरोबर नियमांत एक मर्यादा आली. मालाची जास्त किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहा पटीपर्यंतच.

हे आकड्यांत पाहू. समजा एका ट्रकमध्ये शंभर गाठी, म्हणजे १७ टन रुई. रुईचा भाव खंडीवर (सुमारे ३५६ किलो) ५५,००० रुपये धरला तर मालाची किंमत सव्वीस लाखांच्या आसपास जाते. भाडे ६०,००० धरू. दहा पट म्हणजे ६ लाख. ट्रक जळाला तर उरलेले वीस लाख मालकाचे, नाहीतर त्याच्या विमा कंपनीचे. मोठा निर्यातदार विमा उतरवतोच. छोटा जिनिंगवाला हंगामात पैशाची ओढाताण असताना तिथेच हात आखडतो.

एकाच कागदावर, एकाच माणसाने पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत जबाबदारी घ्यायची, असाही कायदा आपल्याकडे आहे. १९९३ चा बहुविध वाहतूक कायदा. ट्रक, रेल्वे, जहाज यांपैकी कशावर नुकसान झाले हे शोधत बसायचे नाही. ज्याने कागद दिला त्याला धरायचे. वाचताना मला हुंडेकरीच दिसला. पण हा कायदा भारतातून परदेशी जाणाऱ्या मालासाठी आहे. म्हणजे तीच गाठ परदेशातल्या गिरणीत निघाली तर तिला एक धनी मिळतो, आणि कोइमतूरला निघाली तर चार.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गोदामांचा नकाशा बदलला. त्याआधी कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत, कारण आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे आणि आपल्याच डेपोला माल पाठवला तर लागत नसे. गोदाम कुठे बांधायचे हे कर ठरवत होता. ते बंधन गेले, आणि देशाच्या मध्यावरचे नागपूर व त्याच्या भोवतालची जमीन एकदम सोयीची झाली. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. वर्धा-नागपूर लोहमार्गावरच्या सिंदी (रेल्वे) येथे ड्राय पोर्टचा, आणि आता मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्कचा प्रकल्प आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, सेलू तालुक्यात, बंदर. कंटेनरला इथेच कस्टम्सचे सील लागावे आणि तो थेट जहाजावर जावा, अशी ही कल्पना. नाक्यानाक्यावर थांबून जकात भरण्याऐवजी एकदाच काय ते उरकायचे, हे हुंडाभाड्याचे मर्म इथे पुन्हा सापडते. मला या प्रकल्पाबद्दल आस्था आहे. माझ्या मुलांच्या वयाची पोरे बारकोड वाचायची यंत्रे हातात घेऊन त्या रस्त्यावरच्या गोदामांत उभी असतात. त्यांतल्या बहुतेकांना पगार गोदामाची कंपनी देत नाही. मनुष्यबळ पुरवणारा आणखी एक ठेकेदार देतो. त्याला कितवी पार्टी म्हणायचे, हे अजून कोणी ठरवलेले नाही.

कंटेनरला सील आहे, ट्रकला जीपीएस आहे, गाठीला क्रमांक आहे, बिलाबरोबर २०१८ पासून ई-वे बिल आहे. माल कुठे आहे हे आता दर मिनिटाला कळते. हे सगळे जिनिंगच्या फाटकापासून पुढचे. फाटकाच्या अलीकडे, शेत ते फाटक या दहा-वीस किलोमीटरांत, बंडीची जागा पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने घेतली आहे. भाडे क्विंटलवर ठरते, तोंडी. गेल्या हंगामात मी समुद्रपूर-हिंगणघाट रस्त्यावर काही गाडीवाल्यांना पावती देता का म्हणून विचारत फिरलो. बहुतेक हसले. कापूस ज्याचा त्याचा, आम्ही गाडी चालवतो, असे त्यांचे म्हणणे. नोव्हेंबरात ढग आले की गाडी रस्त्याच्या कडेला घेतात आणि भरलेल्या कापसावर ताडपत्री ओढतात. ती ताडपत्री शेतकऱ्याने घरून आणलेली असते.